देवरावभाऊंनी चार्ज दिला

टाइम ऑफिसात बसणाऱ्या माणसाला कारखान्यात कायमचा मित्र नसतो आणि कायमचा शत्रूही नसतो, कारण सुटी दोघांनाही लागते. मी त्या खुर्चीत एकोणतीस वर्षं काढली. भिलाई म्हटलं की बाहेरच्यांना एकच मोठा प्लांट ठाऊक असतो. आमचा कारखाना त्याच्या आजूबाजूला उगवलेल्या छोट्या कारखान्यांपैकी एक, अग्निविटांचा. पोलाद वितळवायच्या भट्टीला आतून विटांचं अस्तर लागतं, त्या विटा आम्ही भाजायचो. म्हणजे ते भाजायचे. मी कोण आलं, कोण नाही आलं, कोण कोणत्या पाळीत आणि कोणाची बदली कुठे, एवढं बघायची.

लोकांना वाटतं, हजेरी घेणं हे बिनडोक काम. त्यांनी एकदा तीजाच्या आठवड्यात माझ्या खिडकीशी बसून दाखवावं. छत्तीसगडात तीजाला बायका माहेरी जातात. उपास त्या करतात आणि गळून नवरे जातात. ‘घरी स्वयंपाक कोण करील’ हे कारण अर्जात सरळ लिहिलेलं असायचं. पुढे मी आधीच विचारायला लागले, भाजी येते का, वरण येतं का, आणि ज्याला दोन्ही येतं त्याची सुटी नामंजूर. त्या वर्षीपासून कारखान्यात कोणालाच काही येईना.

मग अंगठ्याचं मशीन आलं. अंगठा टेकवला आणि ओळख पटली तर हिरवा दिवा, नाही पटली तर लाल. साहेब लोक खूश झाले. पण विटा उचलून उचलून आमच्या माणसांच्या अंगठ्यांवरच्या रेषाच झिजलेल्या. वीस वर्षं कामावर येणाऱ्या माणसाला मशीन रोज सकाळी सांगायचं, मी तुला ओळखत नाही. मग तो खिडकीशी यायचा आणि मी त्याची हजेरी हाताने मांडायची. मशीनमुळे माझं काम कमी होणार होतं, ते दुप्पट झालं. या मशीनमुळेच मला पुढची गोष्ट कळली, म्हणून एवढं सांगितलं.

आता बेसबॉल. हसू नका. भिलाई-दुर्गकडे शाळाशाळांतून हा खेळ मन लावून खेळतात, आणि आमच्या एका जुन्या साहेबांनी मातीच्या ढिगामागची जागा साफ करून तिथे मैदान आखून दिलं होतं. थंडीत दर रविवारी मॅच. भट्टी, प्रेस, मेंटेनन्स, डिस्पॅच, अशा चार टीम. मला स्कोअर मांडायला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि दुसरं म्हणजे टाइम ऑफिसची बाई कोणाचीच नसते यावर चारही टीमचं एकमत होतं. खेळातलं मला तेवढंच कळायचं जेवढं वहीत मांडावं लागे. पिचर बॉल टाकतो. बॅटरच्या मागे कॅचर उकिडवा बसतो आणि पुढचा बॉल कसला टाक ते मांड्यांमध्ये बोटं धरून पिचरला गुपचूप सांगतो, एक बोट म्हणजे जोरात सरळ, दोन म्हणजे हळू. पिचरचा खांदा थकला की मधेच दुसरा पिचर येतो. त्याला आमचे लोक रिलीव्हर म्हणत, कारण पाळी सुटताना जागेवर येणाऱ्या माणसालाही ते तेच म्हणत.

आणि नियम असा की जो ज्या शॉपमध्ये कामाला, तो त्याच शॉपकडून खेळणार. त्यामुळे बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला की अर्धा कारखाना पंचिंगचं निमित्त काढून डोकावून जायचा. खेळाडूंची अदलाबदल परदेशात कोण कोट घातलेले लोक करतात म्हणे. आमच्याकडे ती माझ्या टेबलावर, दोन अर्ज आणि दोन सह्यांवर व्हायची.

देवरावभाऊ भट्टीचे पिचर. माणूस तुमसरकडचा, मितभाषी, आणि पन्नाशीला टेकला तरी खांदा शाबूत. एकोणीस वर्षं भट्टीकडून त्यांनीच बॉल टाकला. पण त्यांचं खरं नाव होतं ते भट्टीवर. झरोक्यातून आत बघून ते आगीचा रंग सांगत, लाल, नारिंगी, नारिंगीत थोडा पिवळा, आणि त्यावरून तापमान. मागाहून मीटर बघितलं तर फार फरक निघत नसे. बघताना डोळ्यावर निळी काच धरायची असते. ते धरत नसत. काचेतून आग खोटी दिसते म्हणायचे.

भट्टीवरची एक रीत इथे सांगायला पाहिजे. भट्टी चोवीस तास पेटलेली, तिला एकटं सोडत नाहीत. रिलीव्हर येऊन शेजारी उभा राहिल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही, आणि निघताना तीन गोष्टी सांगायच्या: काय चालू आहे, काय बाकी आहे, काय बिघडलं आहे. बर्नरच्या आवाजात ऐकू यावं म्हणून हे ओरडूनच सांगतात. येणाऱ्याने ‘चार्ज लिया’ म्हटलं की मगच जाणारा मोकळा. तिसरी गोष्ट लपवून घरी गेलेल्या माणसाला भट्टीवर पुन्हा कोणी चहा विचारत नाही. या बाबतीत देवरावभाऊंइतका कडक माणूस मी पाहिला नाही.

एका थंडीत माझ्या लक्षात आलं, की अंगठा टेकवल्यावर ते मागच्याला विचारतात, हिरवा आला का? चार दिवस मी ऐकलं. पाचव्या दिवशी मागे कोणी नव्हतं. त्यांनी अंगठा ठेवला, लाल दिवा लागला, आणि ते निघाले. मी हाक मारली.

“भाऊ, लाल होता.”

ते खिडकीशी आले. मग म्हणाले, “दिवा दिसते ताई. कोणता हाय, ते नाही समजून राहिलं.”

शर्टाच्या खिशात दोन महिन्यांपूर्वीची दुर्गच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, घामाने मऊ झालेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन केलं की बरा होणारा, पण भाऊ दवाखान्याच्या दाराशी जायला तयार नव्हते. त्यांच्या वडिलांचं असंच एका शिबिरात केलं होतं, पंधरा मिनिटांचं काम म्हणून, आणि तो डोळा कायमचा गेला. त्यानंतर म्हातारा बारा वर्षं अंगणात बसून होता, असं भाऊ म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन महिने हा माणूस न दिसणाऱ्या डोळ्यांनी भट्टीवर उभा होता. मी स्वच्छ सांगितलं की चिठ्ठी आजच्या आज पाकिटात घालून इनचार्जकडे जाईल, ते माझं काम आहे. पाकिटातलं बाहेर बोलायचं नाही, हेही माझंच काम आहे. त्यांनी मान हलवली. इनचार्जने त्याच दिवशी त्यांच्यासोबत जोडीदार दिला आणि भट्टीवरून स्टोअरला बदली घ्या म्हणून सुचवलं. भाऊंनी तेही कबूल केलं. त्यांची अट एकच होती.

“भट्टीवरून काढा, पण मॅचवरून आत्ताच नका काढू. माह्या जागेवर माणूस उभा करतो, अन् मंग जातो. फायनल झाली का ऑपरेशन. शब्द देतो.” मग खाली बघून म्हणाले, “कोणाले सांगू नका, ताई. डोळ्यानं आग वाचणारा माणूस हाय मी.”

त्यांना पाहिजे होता प्रेस शॉपचा खेमलाल. बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, डावखुरा, धमतरीकडचा. तो हळू बॉल असा टाकायचा की बॅटरची बॅट फिरून झाल्यावर बॉल पोचायचा. प्रेसमध्ये त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. बदल्यात प्रेसला पाहिजे होता किसन, भट्टीचा सगळ्यात जोरात मारणारा. किसनला स्वतःलाच भट्टीच्या उष्णतेने अंगभर घामोळं यायचं, तो एका पायावर तयार. दोन अर्ज, दोन सह्या, काम झालं.

आणि इथे मी चूक केली. खेमलाल-किसनचा बदलीचा आदेश आणि देवरावभाऊंचा स्टोअरचा आदेश, दोन्ही एकाच दिवशी टाईप झाले. पहिला लगेच लागू, दुसरा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, म्हणजे फायनल होईपर्यंत भाऊ भट्टीचेच. नीटनेटकेपणाची सवय वाईट. मी दोन्ही कागद नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लावले. एकोणतीस वर्षं नोटिसा लावल्या, पण आमचा माणूस नोटीस एकेक वाचत नाही, सगळा बोर्ड मिळून एक गोष्ट वाचतो, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. त्या बोर्डावरची गोष्ट सरळ होती: खेमलाल आला, म्हणून देवरावला काढला, आणि वरून किसनही घालवला.

दुपारच्या पाळीपर्यंत आग लागली. भट्टी टीमचे सगळ्यात मोठे भक्त म्हणजे तिवारीजी, फोर्कलिफ्ट चालवायचे. स्वतः कधी बॅट धरली नाही, पण एकही मॅच सोडली नाही. ते खिडकीत कोपर टेकवून म्हणाले, “मैडम, घर के बुजुर्ग को निकाल के किराएदार बसाया आपने.” मी म्हटलं, भाऊंनी स्वतः अर्ज दिला आहे. तर म्हणाले, अर्ज तर सगळेच स्वतःच्या हाताने देतात. ते काही खोटं नव्हतं.

कँटीनमध्ये माझा चहा येईनासा झाला. माझे यजमान रेल्वेत, भिलाई-३ ला ड्यूटी. तिथे ड्यूटीची सही करायच्या लॉबीतसुद्धा कोणीतरी त्यांना विचारलं, “कावून हो, तुमच्या मिसेसनं देवरावले कावून हटवलं?” यजमान घरी येऊन मला म्हणाले, खरं कारण मला तरी सांग. मी म्हटलं, पाकिटात आहे. त्यावर दोन दिवस तेही बोलले नाहीत. पण माझं काय, मी खिडकीच्या आत होते. खरे हाल खेमलालचे झाले. भट्टीवर चहाची किटली फिरायची ती त्याच्यापाशी येऊन संपायची. कोणीतरी त्याच्या डब्यात ओली माती भरून ठेवली. तो डबा धुवायचा आणि कामाला लागायचा. तक्रारीचा एक अर्ज त्याने मला दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मला निदान काही करता आलं असतं.

पुढच्या दोन मॅचमध्ये नवाच प्रकार. देवरावभाऊ बॉल टाकायचे आणि खेमलाल त्यांच्या मागे, दुसऱ्या बेसपाशी, म्हणजे बॅटरच्या बरोबर समोरच्या टोकाला, फील्डिंगला. भाऊ बॉल टाकायला उभे राहिले की हा मागून हातमोज्यावर हात आपटून टाळी वाजवायचा. कधी एक, कधी दोन. पब्लिक चिडलं. म्हाताऱ्याला घाई करतो, आपली पाळी कधी येते म्हणून टाळ्या पिटतो. तिवारीजी तर प्रत्येक टाळीला नावं ठेवायचे. खरं सांगते, मलाही राग आला. मॅच संपल्यावर मी खेमलालला बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या माणसाला असं टोकू नये, त्याचं मन दुखतं. त्याने ऐकून घेतलं. “हव दीदी,” एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी टाळ्या होत्याच.

फायनल प्रेसविरुद्ध. प्रेसकडून अर्थातच किसन. सगळा कारखाना मैदानावर, बायकामुलं सतरंज्या घेऊन. तिवारीजींनी देवरावभाऊंच्या शेवटच्या मॅचसाठी डिस्पॅचमधून रिकामे पत्र्याचे डबे आणले होते, आणि दहा-बारा जण ते काठ्यांनी बडवत होते. सहाव्या इनिंगपर्यंत भट्टी एका रनने पुढे. प्रेसचे दोन जण आउट झालेले, तिसरा झाला की त्यांचा डाव संपणार. दोन माणसं बेसवर, म्हणजे रनच्या अर्ध्या वाटेवर, आणि बॅट घेऊन किसन आला. डब्यांचा आवाज असा की माझी पेन्सिल टेबलावर थरथरायला लागली. देवराव, देवराव, देवराव.

भाऊ बॉल धरून उभे होते. टाकेनात. मी बघितलं, त्यांनी मान जराशी मागे वळवली, कान देतात तशी. मागे खेमलाल हातमोज्यावर हात आपटत होता, जीव खाऊन, दोनदा, पुन्हा दोनदा. त्या गदारोळात ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. माझी नजर कॅचरकडे गेली. मांड्यांमध्ये दोन बोटं.

तेव्हा मला कळलं. दुसऱ्या बेसवरून कॅचरची बोटं दिसतात. पिचरच्या जागेवरून देवरावभाऊंना ती दिसत नव्हती. खेमलाल मागून ती वाचून सांगत होता. तीन मॅच हा माणूस त्यांचे डोळे झाला होता, त्यासाठी शिव्या खात होता, आणि त्यातली एक मी दिली होती. आणि आता ज्यांचा जीव देवरावभाऊंवर होता, त्यांनीच डबे बडवून त्यांचे डोळे बंद केले होते.

भाऊंनी अंदाजाने बॉल टाकला. सरळ आणि जोरात. कॅचर हळू बॉलची वाट बघत होता. बॉल किसनच्या कानाजवळून गेला आणि कॅचरच्या उघड्या हातावर बसला. तो हात धरून खाली बसला. बोट सुजलं, मोडलं नाही हे नंतर कळलं, पण त्या क्षणी मला वाटलं की माझ्या पाकिटामुळे कोणाचा तरी हात गेला. डबे अजून वाजतच होते. लोकांना वाटलं, भाऊंचा हात सुटला, होतं कधीकधी.

देवरावभाऊंनी अंपायरला हात केला. मग मागे वळून हाक मारली, भट्टीवर मारत तशी, “खेमलाल, चार्ज घे.”

ही हाक आमच्या माणसांनी आयुष्यभर ऐकलेली. ती आली की मधे कोणी बोलत नाही, साहेबसुद्धा. एकेक डबा थांबला. खेमलाल धावत आला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. भाऊ समोर बघून ओरडून बोलायला लागले. आता ओरडायची गरज नव्हती, पण चार्ज तसाच देतात.

“चालू हाय, दोन माणसं बेसवर, किसन बॅटवर. बाकी हाय, एक आउट.” इथे ते थांबले. मला वाटलं, थांबतील इथेच. सगळ्यांसमोर कशाला. पण तो माणूस देवराव होता. “अन् बिघडलं हे, का मले दिसून नाही राहिलं. तीन मॅच मी याच्या टाळीवर बॉल टाकून राहिलो.”

डबे बडवणाऱ्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

“चार्ज लिया,” खेमलाल म्हणाला. भाऊंनी बॉल त्याच्या हातात दिला आणि सरळ चालत बाहेर आले. रेषेपाशी थोडे अडखळले, तेव्हा तिवारीजींनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. मी वहीत पिचर बदलल्याची खूण केली आणि नंतर चष्मा पुसला. झालं तसंच सांगते, मी रडले, आणि ते दुःखाने नव्हतं. तीन आठवडे छातीवर ठेवलेली वीट कोणीतरी उचलली होती.

राखीव कॅचर येऊन बसला. खेमलालने किसनला ओळीने तीन हळू बॉल टाकले. तिन्ही वेळा किसनने बॅट फिरवली आणि मग बॉल आला. आउट. त्या इनिंगला आम्ही वाचलो, आणि पुढच्या, शेवटच्या इनिंगला हरलो. प्रेसने दोन रन काढले, ते फेडायला आमच्याकडे मारणारा कोणी नव्हता. तो आम्हीच देऊन टाकला होता. त्या दिवशी हरण्याचं कोणालाच काही वाटलं नाही. तिवारीजींनी आपल्या थर्मासमधला चहा ओतला, पहिला पेला खेमलालला दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. मग मला येऊन विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? मी हो म्हटलं. त्यावर म्हणाले, “कल से आपकी चाय आ जाएगी.”

ऑपरेशन दुर्गात पद्मनाभपूरच्या बाजूला एका दवाखान्यात झालं. एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं महिन्याभराने. पहिल्या दिवशी मी, भाऊंची बायको आणि खेमलाल, तिघं बाकावर. हिरवा झगा घातलेले भाऊ एकदम लहान दिसत होते. दारापाशी त्यांचे पाय थांबले. बायको काही बोलणार, एवढ्यात खेमलालने एकच टाळी वाजवली. एक म्हणजे सरळ. भाऊ हसले आणि आत गेले.

खेमलालची माफी मी त्याच बाकावर मागितली. तो म्हणाला, “आपने डाँटा था दीदी, डब्बे में मिट्टी थोड़ी भरी थी.” मोठ्या मनाचा माणूस. दोन कागद शेजारी लावल्याचं मात्र मला अजून सलतं. एक कागद एक दिवस थांबवला असता तर त्याचे तीन आठवडे वाचले असते.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर देवरावभाऊ स्टोअरला रुजू झाले. पहिल्या सकाळी मशीनसमोर उभे राहिले. मागे चार माणसं रांगेत. भाऊंनी अंगठा टेकवला. इतक्या वर्षांत झिजलेला तो अंगठा, मशीनने ओळखला नाहीच. भाऊ वाकले आणि दिव्याकडे बघत राहिले, झरोक्यातून बघत तसे. कोणाला काही विचारलं नाही. मग वळून मला म्हणाले, “लाल हाय, ताई. अन् थोडासा नारिंगीकडे.”

मी त्यांची हजेरी हाताने मांडली.